कर्जतच्या माथ्यावरचं स्थानक

पावसाळा सरला की कर्जत-खालापूरचं आभाळ पुन्हा ताऱ्यांनी भरतं. कर्जत लोकलच्या वाटेवर, नेरळच्या अलीकडे वांगणीला मुंबईचं खगोल मंडळ वर्षानुवर्षं रात्रभराची आकाशदर्शनं भरवतं, ती इथल्या काळोखासाठी. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाला मात्र एवढा काळोखही लागत नाही. वेळ साधली तर ते खालापूर टोलनाक्याच्या झगमगाटातही दिसतं. न लुकलुकणारा ठळक ठिपका, पाचसहा मिनिटांत आभाळ पार करणारा. खाली दिवेलागण झालेली असते, वर त्याच्यावर अजून ऊन असतं.

उंची सुमारे ४०० किलोमीटर, म्हणजे सरळ रेषेत मुंबईहून पणजी जेवढी दूर तेवढीच. साधारण दीड तासात एक पृथ्वीप्रदक्षिणा. पहिला भाग १९९८ साली वर गेला आणि २ नोव्हेंबर २००० पासून तिथे माणूस नाही असा एकही दिवस गेलेला नाही. २०२५च्या जून-जुलैत आपले शुभांशू शुक्लाही तिथे राहून आले.

मला सर्वांत थोर वाटतं ते तिथलं बाहेरचं दुरुस्तीकाम. स्थानकाबाहेर पडलेला अंतराळवीर हातांवर चालतो. दांडी धरायची, दोराची कडी अडकवायची, मग पुढची दांडी. आत हवेचा दाब जमिनीवरच्याइतकाच असतो, पोशाखात मात्र त्याच्या जेमतेम एक तृतीयांश. जास्त ठेवला तर पोशाख फुगून ताठरतो आणि बोटं वळत नाहीत. पण दाब एकदम उतरला तर शरीरातल्या नायट्रोजनचे बुडबुडे होतात आणि ते जिवावर बेतू शकतं. म्हणून निघण्याआधी बराच वेळ शुद्ध ऑक्सिजन घेत बसावं लागतं. ही सबुरी चुकवून चालत नाही.

एवढं करूनही धोका उरतोच. १६ जुलै २०१३ला इटलीच्या लुका पार्मितानो यांच्या शिरस्त्राणात पोशाखाच्या शीतयंत्रणेतलं पाणी शिरलं. नाकाडोळ्यांवर पाणी, समोरचं दिसेनासं झालेलं. दोराच्या ओढीवरून दिशा ओळखत ते दारापर्यंत परतले.

३० जानेवारी २०२५ला सुनीता विल्यम्स आणि बुच विल्मोर बाहेर गेले, ते रेडिओ संपर्काचा एक जुना संच काढायला. आधीच्या खेपांना तो जागचा हलला नव्हता. या वेळी निघाला. सुनीतांची ही नववी फेरी. त्यांचा बाहेरचा एकूण वेळ ६२ तास ६ मिनिटांवर गेला, महिलांमधला विक्रम. त्याच फेरीत हवा बाहेर सोडण्याच्या झडपांजवळचे नमुनेही पुसून घेतले गेले. आतले सूक्ष्मजीव तिथून बाहेर पडतात का आणि त्या निर्वात उन्हात तगतात का, हे त्यांवरून तपासायचं होतं.