कात्रीआधीची नजर

फांदी कापणं यंत्राला कधीच अवघड नव्हतं. ट्रॅक्टरला करवतीची पाती लावून झाडांची ओळच्या ओळ एका रेषेत आणणारी यंत्रं परदेशी बागांत कित्येक वर्षं चालताहेत. पण फळ देणारी फांदी कोणती आणि वांझ कोणती, हे त्यांना कळत नाही. पात्याखाली येईल ते जातं. छाटणीचं खरं कसब त्याच्या आधी असतं. झाडाभोवती एक फेरी मारायची, पुढच्या हंगामाचा अंदाज घ्यायचा आणि काय राखायचं ते ठरवायचं. यंत्रमानवाला शिकवायचं आहे ते हे.

न्यूझीलंडमधल्या मार्लबरोच्या द्राक्षबागांत हिवाळाभर छाटणी चालते. वेलीवरच्या बहुतेक जुन्या काड्या काढून टाकायच्या, मोजक्या राखायच्या आणि तारेला बांधायच्या. या कामाला माणसं पुरत नाहीत. २००७ पासून तिथल्या सरकारनं खास हंगामी योजना आखली आहे आणि तिच्यातून सामोआ, टोंगा, वानुआतू अशा बेटांवरून मजूर येतात.

त्याच देशात क्राइस्टचर्चच्या कँटरबरी विद्यापीठातल्या टॉम बोटेरिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेल छाटणारं यंत्र बनवलं. त्यावरचा त्यांचा शोधनिबंध २०१७ साली छापून आला. हे यंत्र वेलींची ओळ पायांमध्ये घेऊन पुढे सरकतं. आत ऊन येऊ देत नाही, स्वतःच्या दिव्यांचा उजेड वापरतं. तीन कॅमेरे वेलीची चित्रं टिपतात. त्यांतून संगणक काड्यांचा त्रिमितीय आराखडा उभा करतो, कोणत्या काड्या काढायच्या ते ठरवतो आणि मग सहा सांध्यांचा यांत्रिक हात वेगानं फिरणाऱ्या पात्यानं त्या कापतो. एका वेलीला साधारण दोन मिनिटं लागतात. संशोधकांचा सगळ्यात जास्त घाम निघाला तो आराखड्यासाठी. एकमेकींत गुंतलेल्या, सारख्याच रंगाच्या काड्यांमधली कोणती कुठून फुटली आणि कुठे गेली, हे कॅमेऱ्याला उलगडता उलगडत नाही.

अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या प्रॉसर इथे दुसरी वाट धरली गेली. तिथे यंत्राच्या आधी झाडच बदललं होतं. मॅथ्यू व्हायटिंग यांनी चेरीची एक नवी रचना विकसित केली. तिच्यात रोप तिरपं लावतात, खोड तारेला आडवं बांधतात आणि त्यावर उभे फुटवे वाढवतात. सगळं झाड एका पातळीत येतं, भिंतीसारखं. मग छाटणीचा नियमही सुटसुटीत होतो: उभे फुटवे ठेवायचे, त्यांना फुटलेल्या आडव्या फांद्या काढायच्या.

ओरेगन आणि वॉशिंग्टनच्या राज्य विद्यापीठांतल्या चमूनं अशाच बागेत यंत्रमानव उतरवला. मागच्या ओळीतली झाडं आणि समोरचं झाड वेगळं ओळखण्याची त्यांची युक्ती मला फार आवडते. एसटीच्या खिडकीतून जवळची झाडं भरभर मागे पळतात आणि डोंगर जागचे हलत नाहीत. कॅमेरा थोडा सरकवला की तोच फरक संगणकाला दिसतो आणि जवळचं ते आपलं, हे ठरतं. कात्री फांदीला टेकली की हाताला दाब जाणवतो आणि हात स्वतःला सावरून घेतो. २०२२ मध्ये मांडलेल्या निष्कर्षांनुसार दहा झाडांवरच्या चाचणीत ५८ टक्के काप यशस्वी ठरले. आकडा लहान दिसेल. पण प्रयोगशाळेबाहेर, खऱ्या बागेत, मोकळ्या उजेडात मिळालेलं हे यश आहे आणि मी ते मोठंच मानतो.

आपल्याकडे, नाशिक-सांगली पट्ट्यात, द्राक्षवेलींची गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, होते. इथं प्रश्न अधिक बिकट आहे. न्यूझीलंडची वेल हिवाळ्यात आपसूक निष्पर्ण होते. आपली वेल झोपतच नाही. छाटणीआधी हातानं किंवा औषध फवारून पानगळ करावी लागते, एरवी कॅमेऱ्याला पानांखेरीज काही दिसणार नाही. मांडव पद्धतीत तारांचं जाळं डोक्यावर असतं, त्यामुळे ओळ पायांत घेणारं यंत्र आत शिरूच शकत नाही. खालून वर पाहावं तर आभाळाचा झगझगाट. आणि घड कोणत्या डोळ्यात आहे, हे तर बाहेरून कळतच नाही. त्यासाठी नमुन्याच्या काड्या नेऊन सूक्ष्मदर्शकाखाली काडी तपासणी करतात आणि त्यावरून किती डोळ्यांवर कापायचं ते ठरतं. म्हणजे यंत्राला नुसती दृष्टी देऊन भागणार नाही, त्या तपासणीचा निकालही द्यावा लागेल. शिवाय प्रत्येक काडीची जाडी आणि सबकेनची, म्हणजे उपकाडीची, गाठ पाहून छाटणीवाला जो अंदाज बांधतो, तो एप्रिलच्या खरड छाटणीपासून जपलेल्या काडीच्या इतिहासावर बेतलेला असतो.

पण आपल्याकडे यंत्राची सुरुवात कात्रीपासूनच व्हावी, असं मला वाटत नाही. छाटणीनंतर राखलेले डोळे एकसारखे फुटावेत म्हणून त्यांना हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट लावतात. हे रसायन त्वचा जाळतं, आणि त्याच्याशी संपर्क आलेल्यानं मद्य घेतलं तर प्रकृती गंभीर होऊ शकते. तरी एकेक काडी धरून हे काम माणसंच करतात, हातमोजे कधी धड असतात, कधी फाटके. इथं वेल आधीच छाटलेली असते, पानं गेलेली असतात, काड्या आखूड आणि मोकळ्या असतात. काय राखायचं याचा निर्णय अनुभवी हातांनी घेऊन झालेला असतो. यंत्राला फक्त डोळा शोधायचा आहे आणि त्याला पेस्ट लावायची आहे. चुकलं तर काडी जात नाही, पुन्हा लावता येते. न्यूझीलंड आणि वॉशिंग्टनमध्ये जमलेल्या गोष्टींपैकी, काडीवरची नेमकी जागा शोधून हात तिथे नेणं, एवढीच आपल्या बागेला आज उपयोगी पडेल, आणि संशोधकांनी आधी पेस्ट लावण्याचं हेच काम हाती घ्यावं.