आहेरात सुरी

तुळशीचं लग्न लागलं की आमच्या मारुंजीत मंडपांचे सांगाडे उभे राहू लागतात. एका बाजूला खाचरांतला भात कापून झालेला, दुसऱ्या बाजूला हिंजवडीत नोकरी करणाऱ्यांचे उंच टॉवर. लग्नं दोन्हीकडे, आणि आहेर काय द्यावा हा प्रश्नही दोन्हीकडे. डिनर सेट तीन येतात, भिंतीवरची घड्याळं चार.

गेल्या वर्षी शेजारच्या मुलीला मी चांगली सुरी दिली. तिच्या आजींनी डबा उघडला, पातं उन्हात धरून पाहिलं आणि नातीला म्हणाल्या, ‘‘अगं, काकूंना आधी रुपया दे. धारेची वस्तू फुकट घेऊ नये. उद्या तुमच्यात विळ्या-भोपळ्याचं सख्य व्हायचं.’’ मी रुपया घेतला. इंग्लंडातसुद्धा सुरी भेट मिळाली की देणाऱ्याच्या हातावर एक पेनी ठेवायची रीत आहे, तेव्हा आजी एकट्या नाहीत. मी हळूच विचारलं, ‘‘आजी, तुमच्या रुखवतात विळी होती ना?’’ ‘‘होती की. ती माहेरची. माहेरच्या विळीला कसला रुपया!’’

आजींची विळी अजून आहे. लाकडी पाट, वर उभं लोखंडी पातं, टोकाला नारळ खोवायची दातेरी चकती. पाट पायाखाली दाबला की दोन्ही हात मोकळे. पातं जागचं हलत नाही, भाजी पात्यापाशी जाते. कोथिंबीर, गवार, मेथी विळीवर जितकी बारीक आणि भरभर चिरून होते तितकी मला सुरीने आजही जमत नाही. काम झालं की विळी आडवी करायची, ही शिस्त प्रत्येक घरात लहानपणापासून कानावर पडलेली. धारेच्या हत्यारांची हौसही आपल्याकडे जुनीच. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातले अडकित्ते पाहा, सुपारी फोडायच्या साध्या कामासाठी कारागिराने केवढी कल्पकता खर्च केली आहे!

पण ओटा आला, आपण उभ्याने स्वयंपाक करू लागलो आणि विळी कोपऱ्यात गेली. तिची जागा घेतली ती बहुतेक घरांत वीस-तीस रुपयांच्या प्लॅस्टिक मुठीच्या सुरीने. लग्नात लाखो खर्च करणारी माणसं आयुष्यभर त्या सुरीने टोमॅटो चेंगरतात.

सुरी घेताना आधी पोलाद बघायचं. लोखंडी विळीवर कैरी चिरली की पातं काळं पडतं, केळफूल चिरताना पात्याला आणि हाताला तेल लावावं लागतं. काळं पडण्याची ही कटकट गेली ती स्टेनलेस स्टीलमुळे. १९१३ साली शेफिल्डच्या हॅरी ब्रिअर्ली यांनी बंदुकीच्या नळ्या लवकर झिजू नयेत म्हणून प्रयोग करताना जवळपास १३ टक्के क्रोमियम घातलेलं पोलाद ओतलं. बंदुका बाजूला राहिल्या, शेफिल्डच्या सुऱ्या-काटे मात्र चकाकू लागले. क्रोमियम ऑक्साइडचा अगदी पातळ थर पृष्ठभागावर तयार होतो आणि गंज अडवतो. धार टिकते ती मुख्यतः कार्बनमुळे आणि पोलाद तापवून विझवण्याच्या कसबामुळे. म्हणून ‘स्टेनलेस’ एवढंच लिहिलेली सुरी चांगली असेलच असं नाही; जेवणाचा चमचाही स्टेनलेसच असतो.

पोलादाचा कठीणपणा रॉकवेल नावाच्या मापात सांगतात. जर्मन पद्धतीच्या सुऱ्या साधारण ५५ ते ५८, जपानी ६० किंवा त्याहून वर. जपानी पातं पातळ, धार जास्त दिवस टिकते. पण हाडावर किंवा नारळाच्या करवंटीवर आपटलं तर कपची उडते. लाल भोपळ्यात रुतवून पिळलं तरी तेच. ज्या घरात रविवारी मटण आणि एरवी सुरण-भोपळा चिरला जातो, तिथे जर्मन पद्धतीची जरा मऊ, दणकट सुरीच द्यावी. हाडं आणि नारळ कोयत्यावर सोडावेत.

आणि सेट देऊ नका. हे मी स्वतः पैसे घालवून शिकले. लाकडी ठोकळ्यात खोचलेल्या बारा नगांचा संच मी एकदा ऑनलाइन मागवला होता. वर्षभरात हाताशी राहिल्या तीन: वीस सेंटिमीटरची मोठी सुरी, लसूण-मिरचीसाठी बोटाएवढ्या पात्याची छोटी आणि पावासाठी करवतीच्या दातांची. बाकीच्या ठोकळ्यातच धूळ खात आहेत. त्याच पैशांत एक उत्तम मोठी सुरी आली असती.

तुळशीबागेतून घ्या किंवा बोहरी आळीतून, पण सुरी हातात धरूनच घ्या. पातं मुठीत शेवटपर्यंत गेलेलं आहे का, मूठ आणि पात्याच्या सांध्यात फट आहे का, ते बघा. फटीत पाणी आणि अन्न साचतं. फळीवर धरून पाहिल्यावर बोटांची पेरं फळीला टेकत असतील तर ती सुरी त्या हाताची नाही.

सुरीबरोबर धारेचा दगड दिलाच पाहिजे. कितीही महाग सुरी बोथट होतेच, आणि बोथट सुरी कांद्यावरून घसरून बोटात शिरते. सायकलवर चाक फिरवत धार लावणारे पूर्वी दारात यायचे. आता त्यांना सोसायटीच्या गेटवरच अडवतात. शिवाय कोरड्या, भरधाव चाकावर पातं तापलं तर त्याचा कठीणपणा उतरतो. १००० ग्रिटचा दगड पाण्यात भिजवायचा, सुरी आधी काटकोनात धरायची, त्याच्या निम्मी, मग त्याच्याही निम्मी कलती करायची. साधारण वीस अंशांचा कोन मिळतो. दोन्ही बाजूंनी सारखे हात मारायचे. पिकलेल्या टोमॅटोवर न दाबता पातं सालीत शिरलं की झालं.

ग्रॅनाइटच्या ओट्यावर आणि स्टीलच्या ताटात चिरू नये, एका दिवसात धार जाते. लाकडी फळी वापरावी. आणि वापरलेली सुरी खरकट्या भांड्यांच्या ढिगात कधीही टाकू नये. फेसाच्या पाण्यात ती दिसत नाही आणि हात कापतो तो भांडी घासायला येणाऱ्या मावशींचा. आपणच धुवून, पुसून ठेवावी.

आमच्याकडची बरीच जोडपी लग्नानंतर महिन्याभरात परदेशी जातात. त्यांना देताना एवढं सांगून ठेवा: सुरी जाड पुठ्ठ्यात गुंडाळून चेक-इनच्या बॅगेत टाका. हातातल्या बॅगेत राहिली तर ती सुरक्षा तपासणीच्या पुढे जात नाही.