सरसकट बंदी नको, आधी आमचं ऐका!

मित्रांनो, तुमच्यापैकी कितीजणांच्या घरी पोपट आहे? आणि लव्हबर्ड? मासे? कासव?

हात वर करायच्या आधी जरा थांबा. कारण यातल्या एकाला कायद्याने चालतं, दुसऱ्याला अजिबात चालत नाही, आणि तिसऱ्याची सरकारदरबारी नोंद करावी लागते! गंमत अशी, की कोण कुठल्या रांगेत बसतं ते आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊकच नसतं. मग एखाद्या दिवशी कॉलनीची मीटिंग भरते, कुणीतरी काका उठून म्हणतात, "हे पिंजरे-बिंजरे आपल्या आवारात नकोत." ठराव पास होतो, आणि ज्या मुलाने दोन वर्षं दाणा-पाणी करून पाखरं वाढवली, त्याला कुणी विचारतसुद्धा नाही. जळगाव असो की धुळे, असा ठराव उद्या तुमच्या गल्लीतही होऊ शकतो.

अशा सरसकट बंदीला विरोध करायलाच हवा, असं आमचं मत आहे. पण विरोध करायचा तर आधी आपली बाजू पक्की हवी. चला तर, एकेक गोष्ट समजून घेऊ.

घरचा पोपट, बाहेरचा पोपट

आपल्या शेतावर, कडुनिंबावर, मक्याच्या कणसांवर थव्याने उतरणारा, गळ्यात गुलाबी पट्टा असलेला हिरवा पोपट तुम्ही रोज पाहता. भविष्य सांगणाऱ्याच्या पिंजऱ्यातही तोच असायचा. हा पोपट पाळायला बंदी आहे! १९७२ सालच्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण दिलंय. या कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. हा कायदा मोडला, तर तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

आता बजी घ्या. आपल्याकडे सगळे त्यालाच लव्हबर्ड म्हणतात, पण खरा लव्हबर्ड आफ्रिकेतला आणि बजी ऑस्ट्रेलियातला, बरं का! डोक्यावर तुरा असलेला कॉकॅटिएलही (दुकानदार त्याला 'कॉकटेल' म्हणतात) ऑस्ट्रेलियातलाच. बजी आणि कॉकॅटिएल पाळायला आपल्या देशात मनाई नाही.

"हे काय भो! आपला पोपट चालत नाही आणि परदेशातला चालतो?"

ऐकायला उलटं वाटतं खरं, पण कारण सरळ आहे. आपल्या पोपटाची पिल्लं झाडाच्या ढोलीतून काढून आणतात. ढोली फोडली जाते, पिल्लं पिशवीत कोंबली जातात, त्यातली कितीतरी वाटेतच मरतात. बाजारात एक पोपट येतो, तेव्हा रानातला एक पोपट कमी झालेला असतो. बजी आणि कॉकॅटिएल मात्र पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यातच जन्मतात. त्यांच्यासाठी कुठल्या जंगलातली ढोली रिकामी होत नाही.

म्हणजे देशी-विदेशी हा खरा मुद्दाच नाही. तो प्राणी आला कुठून, हा खरा मुद्दा आहे.

तिसरी रांग

आता राहिली नोंदणीची रांग. मकाव, आफ्रिकन करडा पोपट, हिरवा इग्वाना, बॉल पायथन असे काही विदेशी प्राणी त्यांच्या मूळ देशात संकटात आहेत किंवा येऊ शकतात. त्यांच्या व्यापारावर लक्ष ठेवणारा एक आंतरराष्ट्रीय करार आहे. त्याचं नाव 'साइट्स'. तो १९७५ पासून अमलात आला आणि भारत १९७६ पासून त्यात आहे. या करारातल्या प्राण्यांची यादी आता आपल्या कायद्याच्या चौथ्या परिशिष्टात घातली आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने त्याचे नियम काढले. असा प्राणी घरी असेल तर 'परिवेश' या सरकारी पोर्टलवर त्याची नोंद करायची. तो दुसऱ्याला दिला, त्याला पिल्लं झाली किंवा तो मेला, तरी कळवायचं.

नीट लक्षात घ्या. इथे सरकारने "पाळूच नका" असं म्हटलेलं नाही. "पाळता, तर सांगा" असं म्हटलंय. त्याआधी जून २०२० मध्येही सरकारने सहा महिन्यांची मुदत दिली होती. ज्यांच्याकडे विदेशी प्राणी आहेत त्यांनी आपणहून सांगावं, कागद मागणार नाही, अशी ती सवलत होती. तेव्हा देशभरातून हजारो लोकांनी माहिती दिली. दम देऊन हे झालं असतं का? बंदीची भीती घातली असती, तर हेच प्राणी पलंगाखाली आणि माळ्यावर लपवले गेले असते. आजारी पडले तरी कुणी डॉक्टरकडे नेलं नसतं.

बंदी मागणाऱ्यांचं काय चुकतं?

त्यांचं सगळंच चुकतं असं नाही. तेही ऐकून घेऊ.

ते म्हणतात, पाखरांमुळे रोग पसरतात. खरं आहे. घाणेरड्या पिंजऱ्यातल्या वाळलेल्या विष्ठेची धूळ श्वासात गेली, तर माणसाला ताप आणि न्यूमोनिया होऊ शकतो. पण यावर उपाय पिंजरा रोज साफ करणं आणि हात धुणं हा आहे.

ते म्हणतात, मुलांची हौस चार दिवसांची. हेही बरेचदा खरं असतं! गालावर लाल पट्टा असलेलं ते इवलंसं कासव आठवा. विकत आणताना तळहातावर मावतं. पण ते वाढून ताटाएवढं होतं आणि वीस-तीस वर्षं जगतं. मग टाकी पुरत नाही, आणि लोक त्याला गुपचूप तळ्यात सोडून येतात. हे कासव मूळचं अमेरिकेतलं. जगातल्या सर्वांत त्रासदायक शंभर घुसखोर जीवांच्या यादीत त्याचं नाव आहे. ते मेहरूण तलावात किंवा नकाणे तलावात सोडलं, तर तिथल्या देशी कासवांच्या तोंडचा घास आणि उन्हाला बसायची जागा दोन्ही जाणार.

आणि आणखी एक गोष्ट ते बोलत नाहीत, ती आम्हीच बोलतो. आपल्या खानदेशचं ऊन! मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा पंचेचाळीसच्या घरात जातो. बर्फात गाड्या ओढणारा हस्की कुत्रा अशा पत्र्याखाली बांधून ठेवणं याला प्रेम म्हणायचं का? तुम्हीच सांगा.

तेव्हा नियम हवेतच. पण नियम आणि सरसकट बंदी यांत फरक आहे. बंदीला नीट पाळणारा आणि छळणारा यांच्यातला फरक दिसत नाही. ती दोघांना एकाच काठीने हाकते.

विरोध करून काही होतं का?

होतं! १२ मार्च २०२४ रोजी केंद्राच्या पशुसंवर्धन विभागाने सगळ्या राज्यांना पत्र पाठवलं. पिटबुल, रॉटवायलर अशा कुत्र्यांच्या २३ जाती धोकादायक ठरवून त्यांच्या विक्रीवर आणि पैदाशीवर बंदी घालायला सांगितलं. ज्यांच्याकडे अशी कुत्री आधीच होती, त्यांनी त्यांची नसबंदी करायची होती. कुत्रे पाळणारे लोक कोर्टात गेले. १० एप्रिल २०२४ रोजी कर्नाटक उच्च न्यायालयाने ते पत्र रद्द केलं. ज्यांच्यावर परिणाम होणार, त्यांचं म्हणणं ऐकूनच घेतलं नव्हतं, हे त्याचं एक मोठं कारण. सगळ्यांचं ऐकून मग नवा निर्णय घ्या, असं न्यायालयाने सांगितलं.

आणि सोसायटीचा ठराव? केरळ उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२१ मध्ये सांगितलं, की घरात पाळीव प्राणी ठेवायचाच नाही असा सरसकट नियम सोसायटीला करता येत नाही. प्राण्याचा शेजाऱ्यांना उपद्रव होऊ नये, म्हणून वाजवी अटी मात्र घालता येतात.

अर्ज कसा लिहाल?

आरडाओरडा करू नका, अर्ज लिहा. तुमच्या वयाला सही चालणार नसेल, तर आई-वडिलांची घ्या. त्यात हे लिहा:

तुमच्याकडे कुठला प्राणी आहे आणि कुठून आणला. लागत असेल तर त्याची नोंदणी झाली आहे, हे. पिंजरा किती मोठा, कोण साफ करतं, उन्हाळ्यात काय सोय करता, आजारी पडल्यावर कुठल्या डॉक्टरांकडे नेता. आवाजाचा, वासाचा त्रास होत असेल तर तुम्ही काय बदलायला तयार आहात. आणि शेवटी एकच मागणी: ठराव करण्याआधी आमचं म्हणणं ऐका.

यातल्या एखाद्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला देता आलं नाही, तर अर्ज बाजूला ठेवून आधी ती गोष्ट दुरुस्त करा.

आणि रानातल्यांचं काय?

रानपिंगळा हे नाव ऐकलंय? हे छोटंसं घुबड १८८४ नंतर कुणाला सापडलंच नव्हतं. ते नामशेष झालं असं लोक मानू लागले होते. नोव्हेंबर १९९७ मध्ये, तब्बल ११३ वर्षांनी, अमेरिकेतल्या पक्षीतज्ज्ञांना ते पुन्हा दिसलं. कुठे, माहीत आहे? आपल्या शहाद्याजवळ! शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यात होतं, १९९८ पासून ते नंदुरबार जिल्ह्यात आहे. पुढे यावलच्या जंगलातही हा पक्षी आढळला.

रानपिंगळाही ढोलीतच घरटं करतो. पोपटाच्या पिल्लासाठी फोडलेली ढोली उद्या त्याच्याही उपयोगाची राहत नाही. म्हणून कॉकॅटिएलच्या पिंजऱ्यासाठी जरूर भांडा, पण कुणी ढोलीतली पिल्लं विकायला आणली तर घेऊ नका, आणि वनविभागाच्या १९२६ या नंबरवर कळवा. असं वागणाऱ्या मुलाचा अर्ज कॉलनीच्या मीटिंगमध्ये कुणाला सहज बाजूला टाकता येणार नाही.