पंचनाम्यात न मावणारे नुकसान

ऑगस्ट 2019 च्या महापुरात सरकारने मोफत धान्याचा आदेश काढला. माणशी नव्हे, कुटुंबाला दहा किलो गहू आणि दहा किलो तांदूळ. अट एकच होती: परिसर दोन दिवसांपेक्षा जास्त काळ पाण्याखाली असला पाहिजे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात त्या वेळी गावेच्या गावे बुडालेली होती, त्यामुळे दोन दिवसांची ही अट सगळ्यांच्याच डोक्यात गेली. राज्यभर टीकेची झोड उठली. पुढे रोख मदत जाहीर झाली, शहरी कुटुंबाला पंधरा हजार आणि ग्रामीण कुटुंबाला दहा हजार. निकष कितीही विचित्र असला तरी तो लिहून ठेवलेला होता. म्हणूनच त्याबद्दल भांडता आले.

याच तालुक्यातल्या, कृष्णा-पंचगंगेच्या संगमाजवळच्या कुरुंदवाडला असे भांडण नवे नाही. 2005, 2019 आणि 2021 हे तीन महापूर गावाने अनुभवले आहेत. पावसाने जोर धरला की सगळ्यांचे लक्ष कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावरच्या आकड्याकडे लागते. 39 फूट ही इशारा पातळी, 43 फूट ही धोका पातळी. 2019 मध्ये पाणी 55 फुटांच्याही वर गेले होते. आकडा चाळिशी ओलांडतो तेव्हा इथली माणसे धान्य माळ्यावर टाकतात, म्हशी ट्रॉलीत चढवतात, कागदपत्रांची पिशवी कमरेला बांधतात. पाणी ओसरले की तलाठी येतो. भिंत किती पडली, जनावरे किती दगावली, ऊस किती गुंठे कुजला, हे सगळे पंचनाम्यात उतरते.

त्या कागदावर न उतरणारेही बरेच काही असते. पावसाचा आवाज वाढला की उठून बसणारी आजी, उसाच्या बिलावर कर्ज काढून आता कोणाशीच न बोलणारा मुलगा, छावणीतून परत आल्यापासून अंथरूण ओले करणारे पोर. ‘मनाला लावून घेतलंय’, ‘टेन्शन घेतलंय’ असे म्हणून घरचे लोक विषय संपवतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे आपत्तीत सापडलेल्या जवळजवळ प्रत्येकाला मानसिक त्रास होतो आणि बहुतेकांचा तो काळानुसार कमी होतो. प्रश्न उरतो तो ज्यांचा कमी होत नाही त्यांचा. त्यांच्यासाठी काय करावे, हे सरकारला ठाऊक नाही असेही नाही. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने आपत्तीतील मनोसामाजिक आधार आणि मानसिक आरोग्यसेवेची मार्गदर्शक तत्त्वे डिसेंबर 2009 मध्येच प्रसिद्ध केली. 2019 चा पूर त्यानंतर जवळजवळ दहा वर्षांनी आला.

त्याहून भक्कम आधार आहे मानसिक आरोग्यसेवा कायदा 2017 चा. तो 29 मे 2018 पासून लागू झाला आणि त्याच्या कलम 18 ने सरकारी खर्चाने चालणारी मानसिक आरोग्यसेवा मिळणे हा प्रत्येकाचा हक्क ठरवला. मेहेरबानी नव्हे, हक्क. कायद्यात ठरवून दिलेल्या किमान सेवा जिल्ह्यात नसतील तर रुग्णाला जिल्ह्यातल्या दुसऱ्या मानसिक आरोग्यसेवेत उपचार घेता येतात आणि खर्च सरकारने सोसायचा असतो. अत्यावश्यक यादीतली मनोविकारांची औषधे ग्रामीण रुग्णालयापासून वरच्या प्रत्येक सरकारी रुग्णालयात मोफत आणि सदासर्वकाळ असली पाहिजेत. ‘औषध संपलंय, बाहेरून आणा’ हे वाक्य म्हणजे कायद्याने गैरसोय नव्हे, हक्कभंग आहे. हे औषधांच्या खिडकीपाशी उभ्या असलेल्या किती जणांना माहीत असते?

तातडीच्या प्रसंगाबद्दल या कायद्यात एक फार उपयोगाचे कलम आहे, 94 वे. रुग्णाच्या किंवा इतरांच्या जिवाला धोका असेल तर मनोविकारतज्ज्ञाची वाट न पाहता कोणताही नोंदणीकृत डॉक्टर उपचार सुरू करू शकतो. रुग्णाच्या वतीने बोलणारा नामनिर्देशित प्रतिनिधी हजर असेल तर त्याची संमती घ्यायची. हे उपचार 72 तासांपर्यंत देता येतात आणि रुग्णाला जवळच्या मानसिक आरोग्य संस्थेत पोचवणे हाही त्यांचाच भाग मानला आहे. सरकारने आपत्ती जाहीर केली असेल तर ही मुदत सात दिवसांपर्यंत वाढते. रस्ते बंद, पूल पाण्याखाली आणि गावाचे बेट झालेले, अशा कुरुंदवाडसाठीच जणू ही तरतूद लिहिली असावी. पुराच्या पूर्वतयारीच्या बैठकांत बोटी, लाइफ जॅकेट आणि सर्पदंशाची लस यांचा आढावा होतो. या सात दिवसांचाही झाला पाहिजे.

अंतराचे गणितही पाहण्यासारखे आहे. राज्यात प्रादेशिक मनोरुग्णालये चार: ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी. कुरुंदवाडला त्यातल्या त्यात जवळचे रत्नागिरीचे, 1886 पासूनचे. पण तिथे जायचे म्हणजे घाट उतरून पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास प्रवास. कोल्हापूरचे सीपीआर रुग्णालय पन्नासेक किलोमीटरवर. मिरजेचे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय वीस-पंचवीस किलोमीटरवर, म्हणजे सर्वांत जवळ, पण ते सांगली जिल्ह्यात. नातेवाईक जीप मिरजेकडेच वळवतात, कारण जीव वाचवताना कोणी जिल्ह्याची हद्द पाहत नाही. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम मात्र नावाप्रमाणेच जिल्ह्याच्या हद्दीत चालतो. मिरजेहून घरी परतलेल्या कुरुंदवाडच्या रुग्णाचा पाठपुरावा कोल्हापूरने करायचा की सांगलीने, याचे उत्तर एका ओळीच्या शासकीय आदेशाने देता येईल.

आत्महत्येच्या प्रयत्नानंतर रुग्णालयात काय घडते, ते जवळून पाहण्यासारखे आहे. रात्री रुग्ण येतो. केसपेपरवर ‘एमएलसी’ (मेडिको-लीगल केस) असा शिक्का पडतो, पोलीस ठाण्याला फोन जातो. डॉक्टर जीव वाचवतात, आणि ते काम आपल्याकडची ग्रामीण रुग्णालये अपुऱ्या माणसांनिशीही नेटाने करतात. सकाळी हवालदार जबाब घ्यायला येतो. घरचे सांगतात, ‘चुकून झालं’. तिसऱ्या-चौथ्या दिवशी डिस्चार्ज. त्या माणसाला असे का वाटले, हा प्रश्न या साखळीत कोणाच्याच कामात बसत नाही. आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा ठरवणारे भारतीय दंड संहितेचे कलम 309 पूर्वी डोक्यावर टांगलेले असायचे, म्हणून घरच्यांचे खोटे बोलणे समजण्यासारखे होते. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता आली आणि जुना सरसकट गुन्हा गेला. सरकारी नोकराला त्याचे काम करण्यापासून रोखण्यासाठी किंवा त्याच्यावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न एवढाच शिक्षापात्र उरला. त्याआधीच 2017 च्या कायद्याच्या कलम 115 ने असा माणूस तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरायला सांगितले होते, आणि पुन्हा तसे घडू नये म्हणून त्याची देखभाल, उपचार व पुनर्वसन करण्याचे कर्तव्य सरकारवर टाकले होते. भीती गेली हे चांगलेच. कर्तव्याचे काय झाले, हे डिस्चार्ज कार्डावर दिसायला हवे.

याच कायद्याने पोलिसांवरही जबाबदारी टाकली आहे. मनोविकाराने भटकणारी, स्वतःची काळजी घेऊ न शकणारी व्यक्ती आढळली तर तिला संरक्षणात घेऊन 24 तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत न्यायचे. कोठडीत टाकायचे नाही, कोणत्याही परिस्थितीत नाही.

या कायद्याच्या अंमलबजावणीचा हिशेब वरच्या पातळीवर विचारायची वेळ आली ती न्यायालयात. मनोविकारतज्ज्ञ डॉ. हरीश शेट्टी यांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. ठाण्याच्या मनोरुग्णालयात बरे होऊनही अडकून पडलेल्या माणसांचा प्रश्न त्यातून पुढे आला, आणि राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरण करते तरी काय, असे न्यायालयाने सरकारला विचारले. कायद्याप्रमाणे या प्राधिकरणाने वर्षातून किमान चार वेळा भेटायचे असते. खरे तर ज्या राज्याला एवढा प्रश्न न्यायाधीशांकडून ऐकावा लागतो, तिथे तालुक्याच्या पातळीवर कोण कोणाला काय विचारणार?

आकडेवारीतही महाराष्ट्राची जागा चमत्कारिक आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या 2022 च्या अहवालात देशातल्या सर्वाधिक आत्महत्या इथल्या, 22,746. पण निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने 2015-16 मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात जी बारा राज्ये होती, त्यांत महाराष्ट्र नव्हताच. शेतकऱ्यांना समुपदेशन देणारा ‘प्रेरणा प्रकल्प’ राज्याने 2015 मध्ये सुरू केला, तो विदर्भ-मराठवाड्यातल्या चौदा जिल्ह्यांत. तिथली गरज मोठी होती, यात वाद नाही. पण कोल्हापूर म्हणजे ऊस, दूध आणि सुबत्ता, ही समजूत पुराच्या पाण्यात तीनदा भिजूनही टिकून आहे.

सरकारी दार लांब असले की माणसे जवळचे दार ठोठावतात. पंचगंगेचा पूल ओलांडला की नृसिंहवाडीचे दत्तमंदिर. मनाने खचलेल्या माणसाला दत्तस्थानी सेवेला बसवण्याची रीत जुनी आहे आणि त्यातून अनेकांना धीरही मिळतो. तिथे जाणाऱ्यांना नावे ठेवून काही साधत नाही. धीर आणि औषध एकमेकांच्या आड येऊ नये, एवढे पाहणारे माणूस जवळ हवे. अशी माणसे घडवता येतात. साताऱ्याच्या ‘परिवर्तन’ संस्थेने मानसमित्र तयार केले. पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या केंद्राने नाशिक जिल्ह्यातल्या खेड्यांत ‘आत्मीयता’ हा प्रयोग केला. गावातलीच माणसे त्रासातल्या शेजाऱ्याला ओळखतात, ऐकून घेतात आणि गरज पडली तर डॉक्टरकडे नेतात. पुढे हा प्रयोग गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यात मोठ्या प्रमाणावर राबवला गेला. कुरुंदवाडमध्ये गणेशोत्सवात मशिदींतही गणपती बसतो. एकमेकांच्या घरात डोकावण्याची अशी सवय असलेल्या गावाला मानसमित्र शोधायला लांब जावे लागू नये.

फोनची सोय तरी आहे. 10 ऑक्टोबर 2022 पासून ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक दिवसरात्र, मोफत आणि मराठीतही चालतो. स्वतःला किंवा घरातल्या कोणाला जगणे नकोसे वाटत असेल तर तो लावावा, आणि जिवाला धोका दिसत असेल तर 108 ची रुग्णवाहिका बोलावून त्या माणसाला एकटे सोडू नये.

बाकीचे काम प्रश्न विचारण्याचे आहे, आणि ते पूर येण्याआधीच करायचे आहे. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात मनोविकाराची कोणती औषधे गेल्या वर्षात किती दिवस उपलब्ध नव्हती? जिल्हा मानसिक आरोग्य पथक तालुक्यात किती वेळा आले? आत्महत्येच्या प्रयत्नानंतर घरी सोडलेल्या किती जणांचा पाठपुरावा झाला? आपत्तीच्या सात दिवसांची तयारी कोणाकडे आहे? उत्तरे नावानिशी नकोत, नुसती संख्या हवी. माहिती अधिकाराच्या अर्जाला दहा रुपये लागतात आणि उत्तर तीस दिवसांत द्यावे लागते. मे महिन्यात अर्ज केला तर उत्तर पाणी चढण्याआधी हातात येते.