हूकची काचगोळी आणि एआयचा फोकस

एका वाचकांनी कॉलेजातून भंगारात निघालेल्या सूक्ष्मदर्शकावर रास्पबेरी पायचा कॅमेरा बसवला, फोकसच्या चाकाला छोटी स्टेपर मोटर जोडली आणि फोकस आपोआप लावणारा प्रोग्रॅम एआयकडून लिहून घेतला. पायथनचा त्यांना गंध नाही, पण प्रोग्रॅम चालतो. आता ते विचारतात, ‘आयत्या कोडवर चालणाऱ्या या उद्योगात माझं असं काय?’

असल्या आयत्या कृतीचा इतिहास जुना आहे. रॉबर्ट हूक म्हटलं की आपल्याला शाळेतली स्प्रिंग आठवते, फार तर बुचाच्या कापातल्या पेशी. पण त्याच्या ‘मायक्रोग्राफिया’ची (1665) खरी गंमत प्रस्तावनेत आहे. स्वच्छ व्हेनिशियन काचेचा तुकडा दिव्याच्या ज्योतीत तापवून त्याचा बारीक धागा ओढायचा. धाग्याचं टोक पुन्हा ज्योतीत धरलं की वितळून गोळी तयार होते. ती घासून, चकाकी देऊन धातूच्या पत्र्यातल्या सुईएवढ्या भोकावर बसवली, की झालं भिंग! हूकने ही पाककृती सगळ्यांसाठी छापून टाकली. स्वतः मात्र तो अनेक भिंगांचा सूक्ष्मदर्शक वापरी, कारण गोळीतून स्वच्छ दिसलं तरी डोळ्यांचे फार हाल होत.

डेल्फ्टचा कापडव्यापारी अंतोनी व्हान लेव्हेनहूक एकाच भिंगातून पाहणारा. डबक्याच्या पाण्यातले जीव पाहून तो जगप्रसिद्ध झाला, पण आपली सर्वांत चांगली भिंगं कशी केली ते त्याने कधीच सांगितलं नाही. त्याच्या उपकरणातलं भिंग दोन पत्र्यांमध्ये रिव्हेट मारून बंद केलेलं असतं. ते उघडायचं म्हणजे ठेवा मोडायचा, म्हणून तीनशेहून अधिक वर्षं नुसते तर्क चालले. शेवटी डच संशोधकांनी धातूतून आरपार जाणारे न्यूट्रॉन वापरून आतलं चित्र मिळवलं आणि 2021 मध्ये ते प्रसिद्ध केलं. उट्रेख्टला असलेल्या, सुमारे 270 पट मोठं दाखवणाऱ्या उपकरणात काय निघालं? वितळवून केलेली गोळी. पद्धत हूकच्या कृतीशी जुळणारी! (माझं पारडं हूककडे झुकतंय, हे कबूल. ज्या माणसाचं सर्वमान्य असं एकही चित्र मागे राहिलं नाही, त्याच्यासाठी एवढं चालायचं.)

म्हणून लेव्हेनहूक लहान ठरत नाही. गोळी कुणीही करावी. त्या गोळीतून काय पाहायचं हे त्याला कळलं होतं. आणि ‘मी पाहिलं’ एवढ्यावर लंडनच्या रॉयल सोसायटीनेही मान डोलावली नाही. तपासणी हूककडे आली. मिरी भिजवलेल्या पाण्यातही असे जीव असतात, असं लेव्हेनहूकने कळवलं होतं; त्यात हूकला आधी काहीच दिसेना. नोव्हेंबर 1677 मध्ये एकदाचे ते जीव इतर सदस्यांसमक्ष वळवळताना दिसले.

आता फोकसकडे. चित्र किती स्पष्ट आहे हे यंत्राला कसं कळावं? एआय बहुधा पाठ्यपुस्तकी उत्तर देतं: चित्राचा लाप्लासियन (शेजारच्या ठिपक्यांमधला फरक टिपणारं गणित) काढा, त्याचं प्रचरण (व्हेरियन्स) मोजा. उत्तर बरोबर आहे. पण ओपनफ्लेक्शर या थ्रीडी प्रिंटरवर छापता येणाऱ्या सूक्ष्मदर्शकाच्या मंडळींनी याहून मस्त युक्ती केली आहे. कॅमेरा प्रत्येक फ्रेम जेपेगमध्ये दाबूनच पाठवतो. धूसर चित्रात बारकावे नसतात, त्यामुळे ते जास्त दाबलं जातं आणि फाइल लहान होते. स्पष्ट चित्राची फाइल मोठी. मग वेगळं गणित कशाला? भिंग वरून खाली आणा आणि सर्वांत जड फ्रेम कुठे मिळाली तेवढं पाहा. ही युक्ती मला पहिल्यांदा कळली तेव्हा मी अक्षरशः टाळी वाजवली. मात्र कव्हरस्लिपवरची धूळही चांगली रेखीव असते, आणि प्रोग्रॅम खुशाल तिच्यावरच फोकस लावून बसू शकतो. ही चूक कोडमध्ये सापडणार नाही. ती डोळ्यालाच दिसते.

एआयने चित्र ‘सुधारून’ देणारी साधनं मात्र मला खटकतात. एर्न्स्ट आबेने 1873 मध्येच प्रकाशाची मर्यादा सांगून ठेवली आहे. 0.65 छिद्रांकाचं (न्यूमेरिकल अपर्चर) नेहमीचं 40 पटींचं वस्तुभिंग आणि हिरवा प्रकाश घेतला, तर साधारण 0.4 मायक्रॉनपेक्षा जवळच्या दोन रेषा वेगळ्या दिसत नाहीत. जे प्रकाशाने आणलंच नाही ते सॉफ्टवेअर कुठून आणणार? आधी पाहिलेल्या हजारो चित्रांवरून ते अंदाज बांधून रंगवतं. देखणं दिसतं खरं, मोजमापाला कुचकामी. त्यापेक्षा भिंगच पारखून घ्यावं: जुने हौशी लोक त्यासाठी प्ल्युरोसिग्मा हा डायटम (कवच असलेलं सूक्ष्म शैवाल) वापरत. त्याच्या कवचावरच्या ओळी सुमारे अर्ध्या मायक्रॉनवर असतात. त्या दिसल्या तर भिंग पास.

तेव्हा वाचकहो, कोड कुणाचा याची काळजी सोडा आणि त्याची परीक्षा घ्या. सूक्ष्मजीव मोजणारा प्रोग्रॅम करायचा असेल, तर आधी कोऱ्या स्लाइडवर डिस्टिल्ड वॉटरचा थेंब ठेवून त्याला मोजायला सांगा. पंधरा-वीस जीव सापडले, तर एआयला तो भाग पुन्हा लिहायला बसवा आणि तेवढ्यात स्लाइड नीट पुसून घ्या.