धात्रीपरीक्षा : पूर्वींची आणि आतांची

आईचें दूध ज्यास मिळत नाहीं अशा अर्भकास काय पाजावें, हा प्रश्न आजचा नव्हे. चरक व सुश्रुत या दोघांच्याही संहितांत धात्रीची, म्हणजे दुसऱ्याचें मूल अंगावर पाजणाऱ्या स्त्रीची, निवड कशी करावी हें सांगितलेलें आहे. तिचें वय, आरोग्य व स्वभाव पाहावा. तिचें दूध पाण्यांत टाकून तें एकजीव होतें कीं तंतु धरतें हें तपासावें, अशी स्तन्यपरीक्षाही तेथें आहे. तात्पर्य, परकें दूध परीक्षेवांचून बाळाच्या मुखीं घालूं नये, हा आपल्या शास्त्राचा दंडकच होय.

आजची धात्री पत्र्याच्या डब्यांत बंद होऊन येते. गेवराई तालुक्यांतील आमच्या तलवाड्यासारख्या गांवींही ती आतां अपरिचित राहिलेली नाहीं. परंतु त्या पांढऱ्या भुकटीकडे पाहून तिचे गुणदोष कोणत्या आजीस सांगतां येतील? पाण्यांत टाकून पाहण्याचा उपायही येथें लटका पडतो. म्हणून ही परीक्षा सरकारनें करणें प्राप्त झालें.

ती ढिली पडल्यास काय होतें याचे दाखले आहेत. अमेरिकेंत १९७८ सालीं सिंटेक्स कंपनीनें आपल्या सोयाबीनच्या बालदुग्धांतील मीठ काढलें. क्लोराइड अपुरें पडून शंभरावर मुलें आजारी झालीं, आणि १९८० सालीं तेथें स्वतंत्र कायदा करावा लागला. चीनमध्यें २००८ सालीं पाणी घातलेल्या दुधांत प्रथिनें अधिक दिसावीं म्हणून मेलामाइन हें कारखान्यांतील रसायन मिसळलें गेलें. सहा अर्भकें दगावलीं व सुमारें तीन लक्ष मुलें आजारी पडलीं. एके ठिकाणीं अनवधान, दुसरीकडे लोभ; भोगणारा मात्र दोन्हीकडे मुका जीव.

दूध निर्दोष असलें तरी त्याची भलावण निर्दोष असतेच असें नाहीं. म्हणून १९८१ च्या मे महिन्यांत जागतिक आरोग्य संघटनेच्या सभेनें अशा मालाच्या विक्रीविषयीं संहिता संमत केली. ११८ राष्ट्रें अनुकूल, एकटी अमेरिका प्रतिकूल. आपल्या देशांत १९९२ चा कायदा १ ऑगस्ट १९९३ पासून अमलांत आला व २००३ सालीं अधिक कडक झाला. दोन वर्षांखालील मुलांच्या दुग्धपर्यायांची, बालान्नांची व दूध पाजण्याच्या बाटल्यांची जाहिरात त्यानें बंद केली. फुकट नमुने देणें, डॉक्टर-परिचारिकांस भेटी देणें हा अपराध ठरविला. डब्यावर गुटगुटीत बाळाचें वा स्त्रीचें चित्र नको. आईचें दूधच बाळास सर्वोत्तम, हें वाक्य मात्र ठळक हवें. नियम मोडणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास होऊं शकतो. सरकारी अधिकाऱ्यांप्रमाणेंच मुंबईच्या ‘अकॅश’ या ग्राहकसंस्थेसही फिर्याद करण्याचा अधिकार सरकारनें दिला. डब्यांतील घटकांचीं प्रमाणें अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनीं बांधून दिलीं आहेत.

परंतु कायद्याची सत्ता डब्याच्या झांकणापर्यंतच. पुढील परीक्षा घरच्यांची. ही भुकटी कितीही काळजीनें केली तरी निर्जंतुक नसते. क्रोनोबॅक्टर नांवाचा जंतु तींत क्वचित् आढळतो व तान्ह्या बाळास तो प्राणघातक ठरूं शकतो. यास्तव उकळलेलें पाणी निदान ७० अंश सेल्सिअस उष्ण असतांनाच तींत भुकटी कालवावी, निववून पाजावी व दोन तासांनंतर उरलेलें टाकून द्यावें, असें जागतिक आरोग्य संघटना सांगते. डबा महाग म्हणून एका मापाच्या जागीं अर्धें माप घातलें, तर पोट भरलेलें दिसूनही बाळ उपाशी राहतें.

आमच्या बीड जिल्ह्यांतून दिवाळीच्या सुमारास असंख्य कुटुंबें ऊसतोडीस जातात. फडावरच्या कोपींत स्वच्छ पाणी, सरपण व उसंत या तिन्ही गोष्टी दुर्मिळ. तेथें चित्रांच्या मोहानें डबा शिरला, तर त्याची किंमत केवळ रुपयांत मोजली जाणार नाहीं. जाहिरातबंदीचें मर्म येथें कळतें.

सुशिक्षित घरांसही यांत बोध आहे. बाळंतपणानंतर दोन दिवस जातात न जातात तोंच ‘हिला दूध पुरत नाहीं’ असा निकाल वडीलधाऱ्यांच्या तोंडून निघतो. वस्तुतः पहिल्या दिवसांतील घट्ट चीक थोडा असला तरी नवजाताच्या इवल्या जठरास बहुधा पुरतो. उलट डबा सुरू होऊन मूल ओढेनासें झालें कीं दूध खरोखरच आटतें. सुनेस त्या दिवसांत डब्यापेक्षां धीर अधिक हवा असतो.

तथापि आई निवर्तली, अथवा औषधामुळें पाजूं शकत नसली, तर डबा घेण्यांत कमीपणा मुळींच नाहीं. अकालीं जन्मलेल्या बाळांसाठीं मुंबईस शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयांत डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनीं १९८९ सालीं मातृदुग्धपेढी उघडली, ती तरी धात्रीचीच सुधारलेली परंपरा नव्हे काय? डबा आणावाच लागला, तर डॉक्टरांस विचारून आणावा, मुदतीची तारीख वाचावी, माप सपाट भरावें. आणि कोणी डबा फुकट देऊं केला, तर तो घेऊं नये.