तीस वर्षे आकाशात, अठ्ठेचाळीस जमिनीवर

१ सप्टेंबर १९६५. छांबमध्ये पाकिस्तानी रणगाडे घुसलेले आणि पुढे अखनूरचा पूल. तो गेला की काश्मीरकडे जाणारी आपली वाट तुटलीच. दुपारी संरक्षणमंत्र्यांच्या दालनात हवाई दलाच्या मदतीचा विषय निघाला. खुर्चीवर होते कऱ्हाडचे यशवंतराव चव्हाण. किती वेळ लागेल, एवढाच सवाल. हवाई दलप्रमुख एअर मार्शल अर्जनसिंग म्हणाले, एक तास.

त्या संध्याकाळी पठाणकोटहून विमाने उडाली, हे आपण अभिमानाने सांगतो. त्यातली चार व्हँपायर परत आली नाहीत, हे मात्र सहसा सांगत नाही. विमाने जुनाट होती. त्यात खाली धुरळा, आपला रणगाडा कुठला नि त्यांचा कुठला हे वरून ओळखणेही अवघड. तो एक तास स्वस्तात पडला नव्हता. व्हँपायर लगेच आघाडीवरून मागे घेतली आणि पुढचे युद्ध नॅट, हंटर, मिस्टेअर यांनी लढवले.

अर्जनसिंगांचा जन्म १९१९चा, लायलपूरचा. १९३८मध्ये ते इंग्लंडला क्रॅनवेलच्या वैमानिकी महाविद्यालयात गेले आणि पुढच्या वर्षी महायुद्ध पेटल्यावर अधिकारी होऊन बाहेर पडले. वायव्य सरहद्दीवर टोळीवाल्यांच्या गोळीबारात त्यांचे विमान कोरड्या ओढ्यात कोसळले. नाक फुटलेले. मागे बसणारा तोफची गुलाम अली घाबरून पळत सुटला, पण नेमका टोळीवाल्यांच्याच दिशेने! अर्जनसिंगांनी धावत जाऊन त्याला मागे वळवले. मला या माणसाच्या सगळ्या पदकांपेक्षा ही धाव मोठी वाटते. १९४४मध्ये इंफाळच्या लढाईत ते पहिल्या स्क्वाड्रनचे प्रमुख होते. त्या कामगिरीसाठी माउंटबॅटन यांनी त्यांच्या छातीवर डीएफसी (डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस) हे शौर्यपदक लावले. १५ ऑगस्ट १९४७ला लाल किल्ल्यावरून शंभराहून अधिक विमाने गेली, तीही त्यांच्याच नेतृत्वाखाली.

१९६९मध्ये, वयाच्या पन्नाशीत ते निवृत्त झाले. आपल्याकडे लेख सहसा इथेच संपतात. त्यांच्यापुढे मात्र अजून अठ्ठेचाळीस वर्षे होती. सरकारने त्यांना स्वित्झर्लंडला राजदूत म्हणून पाठवले, व्हॅटिकनचे कामही सोबत दिले. पुढे ते केनियात उच्चायुक्त झाले. १९८९च्या अखेरीस दिल्लीचे नायब राज्यपालपद आले, आणि त्यांच्याच कारकिर्दीत मंडल आयोगाच्या आरक्षणावरून राजधानीचे रस्ते पेटले. हवाई दलाच्या प्रमुखाला निदान शत्रू समोर दिसतो. इथे रस्त्यावर आपलीच कॉलेजातली पोरे होती.

२००२मध्ये त्यांना ‘मार्शल ऑफ द इंडियन एअर फोर्स’ हा हुद्दा मिळाला. हा पंचतारांकित हुद्दा. हवाई दलात तो आजवर दुसऱ्या कुणाला मिळालेला नाही. दिल्लीजवळची आपली शेती विकून त्यांनी निवृत्त हवाई सैनिकांच्या मदतीसाठी दोन कोटी रुपये न्यासाला दिले. या बातमीला कितीसा गाजावाजा मिळाला?

२८ जुलै २०१५ला माजी राष्ट्रपती अब्दुल कलामांचे पार्थिव पालम विमानतळावर आणले गेले. शहाण्णव वर्षांचे अर्जनसिंग चाकांच्या खुर्चीतून आले. शवपेटीपाशी खुर्ची थांबली. आधार घेत ते उभे राहिले, आणि हात कपाळाशी गेला.